स्वमग्न बालकांवरील उपचारांचे संशोधन : गोव्यातील एक चाचणी आणि बोळिंजसारख्या वस्तीचा प्रश्न

एखाद्या विकारावर अमुक उपचार गुणकारी ठरला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते निरीक्षण कोणी केले आणि कशाच्या तुलनेने केले, हा प्रश्न वैद्यकाच्या प्रत्येक शाखेत विचारावा लागतो. स्वमग्नतेच्या बाबतीत त्याला विशेष धार येते. स्वमग्नतेचे निदान रक्ताच्या तपासणीने किंवा क्ष-किरणांच्या चित्राने होत नाही. ते बालकाच्या वर्तनावरून केले जाते, आणि बालकाचे वर्तन तर वयाबरोबर अखंड पालटत असते. तीन वर्षांचे मूल चार वर्षांचे होईपर्यंत, कोणताही उपचार न होता, काही नवे शब्द उचलते, काही भीती टाकून देते, काही नव्या सवयी लावून घेते. त्या वर्षात जो उपचार चालू असेल त्याच्या पदरी या सर्व वाढीचे श्रेय सहजच पडते. आईबापांना उपचार लागू पडावा अशी आस असते, उपचार करणाऱ्यालाही ती असते, आणि दोघेही त्याच डोळ्यांनी मुलाकडे पाहत असतात. अशा परिस्थितीत खरा गुण आणि भासमान गुण यांची निवड कशी करावयाची, हा या क्षेत्रातील संशोधनाचा मुख्य प्रश्न होय. त्याचे एक विचारार्ह उत्तर गोव्यात २०१३ साली सुरू झालेल्या एका चाचणीतून मिळाले आहे. ते उत्तर विरारजवळच्या बोळिंजसारख्या झपाट्याने वाढलेल्या वस्तीच्या कितपत उपयोगी पडेल, याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी योजिली होती. १९४३ मध्ये बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी ११ बालकांची वर्णने प्रसिद्ध करून तिला बालवयातील एका स्वतंत्र अवस्थेचा अर्थ दिला. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील हान्स आस्पर्गर यांचा याच जातीच्या मुलांवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. २०१३ साली अमेरिकन मनोवैद्यक संघटनेने आपल्या वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत या निरनिराळ्या अवस्था एकाच वर्णपटात आणल्या. सामाजिक देवाणघेवाणीतील अडचण, आणि वर्तन, आवड व संवेदना यांतील साचेबंदपणा, ही या वर्णपटाची दोन लक्षणकुले. मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द आता रूढ झाला आहे. तो सोयीचा असला तरी थोडा फसवा आहे. मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला इतरांची गरज नाही, असा ध्वनी त्यातून निघतो. वस्तुतः यांतील पुष्कळ मुलांना इतरांशी संबंध हवाच असतो, मात्र तो जोडण्याची त्यांची रीत भोवतालच्यांच्या ध्यानी येत नाही. हा भेद शब्दच्छलाचा नव्हे. उपचाराने नेमके काय साधावयाचे, हे त्यावरच ठरते.

या अवस्थेचे प्रमाण आपल्याकडे थोडे आहे असे समजण्यास आधार नाही. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षे वयाच्या ३,९६४ बालकांची जी पाहणी झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात स्वमग्नतेचे प्रमाण स्थूलमानाने शंभरांत एक असे आढळले. कायद्याने १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात या अवस्थेला स्थान दिले आहे. प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मापनश्रेणी वापरली जाते ती सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने सिद्ध केलेली असून तिच्यात ४० बाबी आहेत. प्रत्येक बाबीस १ ते ५ गुण, आणि ७० च्या खाली एकूण गुण असल्यास स्वमग्नता नाही असे मानले जाते. ही श्रेणी निदानासाठी व प्रमाणपत्रासाठी उपयुक्त आहे. परंतु तीच उपचाराचे यश मोजण्यासाठी वापरली, आणि मोजणाऱ्यास उपचार झाला आहे हे ठाऊक असले, तर काय घडते, हे पुढे दिसेलच.

उपचारांच्या इतिहासातून एक उदाहरण येथे घेणे अवश्य आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतील काही वैद्यांनी तीन स्वमग्न मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. पोटाच्या तक्रारींच्या तपासणीसाठी त्यांना सिक्रेटिन नावाचे पाचकसंस्थेतील संप्रेरक टोचले गेले होते, आणि त्यानंतर त्यांच्या बोलण्यात व नजरेस नजर देण्यात सुधारणा झाल्याचे आढळले. वार्ता वर्तमानपत्रांत व दूरचित्रवाणीवर पोहोचली आणि हजारो आईबाप त्या औषधाच्या शोधात निघाले. दुसऱ्याच वर्षी ६० बालकांची एक रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात काहींना सिक्रेटिनची एक मात्रा आणि काहींना केवळ मिठाचे पाणी टोचले होते. कोणास काय मिळाले हे आईबापांस ठाऊक नव्हते व तपासणाऱ्यांसही नव्हते. चार आठवड्यांनी दोन्ही गटांतील मुले सुधारलेली दिसली, आणि दोन्ही गटांत भेद करण्याजोगा काही फरक दिसला नाही. म्हणजे सुधारणा खोटी नव्हती. ती सिक्रेटिनची नव्हती, एवढेच. या चाचणीतील सर्वांत बोलका आकडा मात्र निराळाच आहे. निष्कर्ष समजावून सांगितल्यानंतरही त्यांतील ६९ टक्के आईबापांनी आपल्या मुलासाठी सिक्रेटिन घेण्याची इच्छा कायम असल्याचे सांगितले. याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नाही, ते बंद झालेल्या दारापाशीही उभे राहतात.

असाच प्रकार आपल्या अधिक जवळ घडला आहे. २०१३ साली मुंबईतील वैद्यांच्या एका गटाने ३२ स्वमग्न रुग्णांच्या अस्थिमज्जेतून पेशी काढून त्या त्यांच्याच पाठीच्या कण्यातील द्रवात सोडल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. उपरोक्त भारतीय मापनश्रेणीवर त्यांपैकी २९ जणांचे गुण सुधारल्याचे त्यात नमूद आहे. आकडा प्रभावी आहे. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि उपचार झाल्याचे सर्वांनाच माहीत होते. अशा वृत्तांतास पहिली पायरी म्हणून स्थान आहे, निर्णय म्हणून नाही. पहिल्या पायरीनंतर काय होऊ शकते याचा दाखला अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मिळतो. तेथे नाळेतील रक्त शिरेवाटे देण्याच्या प्रयोगात २०१७ मध्ये २५ बालकांत सुधारणा आढळली होती. त्याच संशोधकांनी पुढे १८० बालकांची, छद्मौषधाच्या तुलनेची चाचणी केली व २०२० मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला; सामाजिक संवादाच्या मुख्य मापनावर लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्या पहिल्या निष्कर्षाला स्वतःच तराजूत घालणे आणि तो उणा भरल्यावर तसे छापणे, हे त्या विद्यापीठाच्या लौकिकात भर घालणारेच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा पेशींचा उपयोग, काही मान्य रक्तविकारादी अपवाद सोडता, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने स्वमग्नतेवर या उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले. येथे पणास लागलेली गोष्ट केवळ पैशाची नाही. लहान मुलास भूल देऊन त्याच्या कटीच्या हाडात व पाठीच्या कण्यात सुई घालावी लागते.

औषधांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. रिस्पेरिडोन या औषधाची १०१ मुलांवरील आठ आठवड्यांची चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात चिडचिड व आक्रमकता यांचे गुण औषधाच्या गटात ५६.९ टक्क्यांनी, तर छद्मौषधाच्या गटात १४.१ टक्क्यांनी उतरले. त्याबरोबर वजन सरासरी २.७ किलोग्रॅमने वाढले, छद्मौषधाच्या गटात ते ०.८ किलोग्रॅमने वाढले. लाभ खरा आहे, पण तो चिडचिडीपुरता. स्वमग्नतेच्या गाभ्यातील सामाजिक अडचणीवर सर्वमान्य ठरलेले औषध अद्याप नाही.

राहिला शिक्षणात्मक व वर्तनात्मक उपचारांचा मोठा प्रांत. १९८७ साली कॅलिफोर्नियातील इव्हार लोव्हास यांनी १९ लहान मुलांना आठवड्यास सुमारे ४० तास असे सघन वर्तनशिक्षण दिल्याचे आणि त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत सर्वसाधारण मुलांप्रमाणे चालू लागल्याचे प्रसिद्ध केले. त्या लेखाने एका पिढीची धोरणे घडविली. परंतु मुलांची गटांत विभागणी तेथे चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि कोणाच्या वाट्यास उपचार येतो हेच जर प्रशिक्षकांच्या उपलब्धतेवर ठरत असेल, तर दोन्ही गट मुळात सारखे होते असे खात्रीने म्हणता येत नाही. २०२० साली लहान मुलांवरील १५० वृत्तांतांचे, एकूण ६,२४० मुलांचे, एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. सर्व अभ्यास एकत्र धरले तेव्हा कित्येक उपचार गुणकारी दिसले. मग विश्लेषकांनी केवळ यदृच्छेने गट पाडलेले अभ्यास ठेवले, आणि त्यांतूनही जेथे मापकास गट ठाऊक होता ती मापने वगळली. तेव्हा पूर्वीचे बहुतेक परिणाम विरून गेले. या क्षेत्रातील विद्यार्थ्याने उपचारपद्धतींची नावे पाठ करण्यापूर्वी हे विश्लेषण वाचावे.

या पार्श्वभूमीवर इंग्लंडमधील एका चाचणीचे महत्त्व ध्यानात येते. मँचेस्टरचे जोनाथन ग्रीन व त्यांचे सहकारी यांनी २ वर्षे ते ४ वर्षे ११ महिने या वयाच्या १५२ मुलांवर, लंडन, मँचेस्टर आणि न्यूकॅसल येथे, ही चाचणी केली. तिचा वृत्तांत २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार येथे बालकावर नव्हताच. तो पालकावर होता. पालक आणि मूल काही वेळ खेळतात, त्याची ध्वनिचित्रफीत घेतली जाते, आणि ती फीत पालक व वाचोपचारतज्ज्ञ एकत्र बसून पाहतात. मुलाने कोठे मान वळविली, कोठे हात पुढे केला, कोठे ओठ हलविले, आणि त्या क्षणी पालकाने काय केले, हे थांबून थांबून पाहावयाचे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मूल बाटल्यांची झाकणे एका रेषेत मांडीत बसले आहे. आई विचारते, “हे काय आहे? कोणता रंग? सांग ना, कोणता?” मूल मान फिरवते. आई पुन्हा विचारते, मूल झाकणे गोळा करून दूर सरकते. फितीवर हे पाहताना आईच्याच लक्षात येते की, पहिल्या प्रश्नापूर्वी मुलाने एक झाकण तिच्या बाजूस किंचित ढकलले होते. पुढच्या वेळी ती प्रश्न विचारीत नाही; वाट पाहते, आणि झाकण सरकताच “झाकण! अजून एक झाकण” एवढेच म्हणते. मूल जे करीत आहे त्यालाच शब्द देणे, आज्ञा व प्रश्न कमी करणे, आणि मुलाच्या पुढाकारास अवकाश ठेवणे, यास संशोधकांनी पालकाचा सुसंवादी प्रतिसाद असे म्हटले आहे. पालकाच्या एकूण बोलण्या-वागण्यापैकी किती भाग असा होता, हे नंतर गटाविषयी अनभिज्ञ असलेले मापक फीत पाहून मोजतात.

चाचणीचे आकडे बारकाईने पाहण्याजोगे आहेत. दोन गटांतील सरासरीचा फरक गुणांच्या नेहमीच्या पसाऱ्याशी ताडून पाहिला म्हणजे जे येते त्यास परिणाममान म्हणतात, ०.२ हे लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठे, असा ढोबळ संकेत आहे. पालकाच्या सुसंवादी प्रतिसादावर परिणाममान १.२२ आले. मुलाने पालकाशी स्वतःहून केलेल्या संवादाच्या प्रारंभावर ते ०.४१ आले. आणि अपरिचित तपासनिसासमोर मोजलेल्या स्वमग्नतेच्या तीव्रतेवर, म्हणजे चाचणीच्या मुख्य मापनावर, ते केवळ ०.२४ इतके, निश्चित म्हणता न येण्याजोगे राहिले. जो शिकला त्याच्यात बदल सर्वाधिक, त्याच्याशी बोलणाऱ्यात त्याहून कमी, आणि परक्या खोलीत परक्या माणसासमोर सर्वांत कमी, अशी ही उतरंड आहे. एखाद्या जाहिरातीत यांतील फक्त पहिला आकडा छापला जाईल. त्याच मुलांपैकी १२१ मुलांचा पुढे पाठपुरावा करण्यात आला. उपचार संपल्यानंतर सहा वर्षांच्या आसपास, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या वृत्तांतात उपचारगटातील लक्षणांची तीव्रता संपूर्ण काळाचा विचार करता कमी राहिल्याचे दिसले. अल्पकाळात अपुरी वाटलेली गोष्ट दीर्घकाळात टिकली, हे अपवादात्मक आहे.

पालकास शिकविण्याच्या या कल्पनेवर एक रास्त शंका घेतली जाते. विसाव्या शतकाच्या मध्यास आईच्या थंड वागणुकीने मूल स्वमग्न होते, अशी उपपत्ती प्रचलित होती. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने तिला बळ दिले, आणि कितीएक मातांना त्याची शिक्षा भोगावी लागली. ती उपपत्ती चुकीची ठरली आहे. आपल्याकडे तिचा नवा अवतार ‘आईने हाती मोबाइल दिला म्हणून’ या वाक्यात ऐकू येतो. उपरोक्त उपचाराचा या दोषारोपाशी संबंध नाही. पायात जन्मतः दोष असलेल्या मुलाच्या आईस व्यायाम शिकविला, तर दोष तिच्यामुळे झाला असा अर्थ होत नाही. स्वमग्न मुलाचे संकेत क्षीण व अपरिचित असतात. ते वाचण्यास सर्वसाधारण आईबापांना लागते त्याहून अधिक कौशल्य लागते, इतकेच. इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्ये असे प्रतिपादिले की समजण्यातील अडचण दुहेरी असते: स्वमग्न व्यक्तीस इतर समजत नाहीत, तशीच इतरांस ती समजत नाही. फितीसमोर बसलेली आई त्या दुसऱ्या बाजूची दुरुस्ती करीत असते.

आता गोव्याकडे वळावयास हरकत नाही. तेथे १९९६ मध्ये विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापिलेली ‘संगत’ ही संस्था मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात कार्य करीत आहे. विशेषज्ञ दुर्मीळ असताना, निवडून व प्रशिक्षण देऊन सामान्य कार्यकर्त्यांकरवी उपचार पोहोचविता येतात का, हा तिच्या बहुतेक संशोधनाचा विषय राहिला आहे. स्वमग्नतेवरील कामाचा आरंभ औषधाने वा तंत्राने झाला नाही. तो ऐकण्याने झाला. बालविकासतज्ज्ञ गौरी दिवाण व सहकाऱ्यांनी गोव्यातील कुटुंबे, शिक्षक व विशेष शिक्षक यांच्या २० प्रदीर्घ मुलाखती व ९ गटचर्चा घेतल्या. त्यांचा वृत्तांत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबे नातलगांपासून व समारंभांपासून हळूहळू दूर जातात, व्यावसायिकांनाच पुरेशी माहिती नसल्याने निदानासाठी एका दारातून दुसऱ्या दारात फिरावे लागते, आणि सर्व भार आईवर येऊन पडतो, असे चित्र त्यातून उभे राहिले.

त्यानंतर इंग्लंडमधील पद्धत येथील परिस्थितीस बेतून घेण्यात आली. रुग्णालयाऐवजी घर, वाचोपचारतज्ज्ञाऐवजी विशेषज्ञ नसलेली, परंतु सतत देखरेखीखाली काम करणारी कार्यकर्ती, आणि निदान आपल्याकडे उशिरा होते हे ओळखून वयाची मर्यादा २ ते ९ वर्षे. सहा महिन्यांत, दर पंधरवड्यास सुमारे एक तास, अशा १२ भेटी. चाचणी गोव्यात व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे एकाच आराखड्याने झाली; सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच प्रश्नावली घेऊन काम करणारे संशोधक ही अलीकडे दुर्मीळ गोष्ट आहे. २०१३ च्या जानेवारी ते जुलै या काळात ६५ मुले निवडण्यात आली. ३२ मुलांच्या वाट्यास हा उपचार आला व ३३ जणांस नेहमीची उपलब्ध सेवा. ३२ पैकी २६ कुटुंबांनी बाराही भेटी पूर्ण केल्या. ज्या उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागतो, त्यात असे सातत्य क्वचितच दिसते.

आतिफ रहमान, गौरी दिवाण, विक्रम पटेल, जोनाथन ग्रीन व इतरांचा वृत्तांत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आठव्या महिन्यात केलेल्या मापनात पालकाच्या सुसंवादी प्रतिसादाचे प्रमाण उपचारगटात ०.२५ ने, म्हणजे शंभर कृतींमागे २५ ने, अधिक होते. या अंदाजाची विश्वसनीय मर्यादा ०.१४ ते ०.३६ अशी आहे. म्हणजे खरा फरक कमीत कमी धरला तरी तो शून्याच्या बराच वर राहतो. मुलाच्या स्वतःहून केलेल्या संवादात फरक ०.१५ होता, आणि त्याची मर्यादा ०.०४ ते ०.२६. परिणाममानांच्या भाषेत हे अनुक्रमे १.६१ आणि ०.९९ इतके होते. विशेषज्ञ नसलेल्या हातांनी तज्ज्ञांच्या हातांइतकाच, निदान पालक-बालक संवादाच्या मापनावर, परिणाम साधला असे म्हणता येईल.

परंतु त्याच कोष्टकात तिसरी ओळ आहे. पालक व मूल दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा काळ उपचारगटात वाढला नाही. उलट तो ०.१६ ने घटला, व त्याची मर्यादा −०.२६ ते −०.०५ अशी आहे, म्हणजे हा निव्वळ योगायोग समजून सोडून देता येत नाही. इंग्लंडमध्ये हेच मापन थोडेसे वाढले होते. पालक प्रश्न व आज्ञा कमी करतो तेव्हा मुलाचे लक्ष ओढून आणण्याचे प्रसंगही कमी होतात, असे एक स्पष्टीकरण संभवते. पण तेवढ्या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही. ही ओळ लपविलेली नाही, सारांशातच दिलेली आहे. या चाचणीवर विश्वास ठेवण्याचे ते एक कारण आहे. याशिवाय ६५ ही संख्या लहान आहे, मापन उपचार संपताच झालेले आहे, आणि मुख्य मापन पालकाबरोबरच्या खेळाचे आहे, शाळेतील वा अंगणातील नाही. पुढे दिल्लीत ४० कुटुंबांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झोप, खाणे व वर्तनाच्या अडचणी यांवरील साहाय्याची भर घालण्यात आली. पालकाचा प्रतिसाद व मुलाचा पुढाकार या दोन्ही बाबतींत सुधारणा पुन्हा दिसली.

प्रश्न असा की, हे सर्व बोळिंजला लागू पडेल काय. विरार स्थानकाच्या पश्चिमेचे हे गाव एकेकाळी वसईच्या इतर गावांप्रमाणे वाड्यांचे, केळी, विड्याची पाने व फुलांचे होते. आज ते २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेत आहे, जिल्हा २०१४ पासून पालघर आहे, आणि म्हाडाच्या विरार-बोळिंज प्रकल्पाचे मनोरे व खासगी इमारती यांत मुंबईहून सरकत आलेली कुटुंबे राहतात. येथील कमावता माणूस चर्चगेटपर्यंत सुमारे ६० किलोमीटर लोकलने जातो आणि तितकेच परत येतो. मुंबईतील एखाद्या केंद्रात आठवड्यातून तीन वेळा मूल घेऊन जावयाचे, तर गर्दी, गोंगाट व धक्के यांनी आधीच व्याकुळ होणाऱ्या मुलासाठी तो प्रवास हीच एक शिक्षा ठरते, आणि आईची नोकरी सुटते. घरी येणारा उपचार येथे केवळ सोयीचा नव्हे. पुष्कळांसाठी तोच एक शक्य उपचार आहे. फेब्रुवारी २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत स्वमग्नतेचा समावेश आहे, व जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. शोधणारी यंत्रणा कागदावर आहे. शोधल्यानंतर घरी जाणारा माणूस तिच्यात नाही.

त्या माणसांची संख्या किती लागेल, याचा हिशेब कठीण नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या सुमारे १२ लाख २० हजार होती. हिशेबापुरती २ ते ९ वर्षांची मुले दीड लाख धरली आणि शंभरांत एक हे प्रमाण लावले, तर १,५०० मुले होतात. दिवसास दोन घरे व आठवड्यास पाच दिवस काम करणारी कार्यकर्ती एका पंधरवड्यात २० घरी जाते. अर्ध्या वर्षात ती २० कुटुंबे व वर्षात ४० कुटुंबे पुरी करते. म्हणजे आजवर राहून गेलेल्या सर्व मुलांपर्यंत एका वर्षात पोहोचण्यास सुमारे ३८ कार्यकर्त्या लागतील, अधिक त्यांच्यावर देखरेख करणारे विशेषज्ञ. एका महानगरपालिकेच्या मानाने ही संख्या अवाढव्य नाही. मात्र हे काम आशा कार्यकर्तीच्या आधीच भरलेल्या झोळीत आणखी एक कागद म्हणून टाकले, तर बारापैकी किती भेटी प्रत्यक्षात होतील, हे सांगावयास नको. गोव्यातील यशाचे श्रेय जितके पद्धतीचे, तितकेच नियमित देखरेखीचे होते.

दुसरा प्रश्न कुटुंबरचनेचा. चाचणीत फितीवर बसतो तो पालक. बोळिंजमधील आईबाप दोघेही पहाटेच्या गाडीने जात असतील, तर दिवसभर मूल आजीजवळ असते. खेळताना प्रतिसाद देणारी व्यक्ती तीच. तिला फितीसमोर बसविले तर तिच्या सुसंवादी प्रतिसादाचा परिणाम मुलावर तेवढाच होईल का, हे कोणत्याही आकड्यातून आयते मिळत नाही; ते तपासावे लागेल. आणि आजीस शिकविण्यासाठी तेवीस वर्षांची कार्यकर्ती कोणत्या शब्दांत बोलेल, हाही लहान प्रश्न नव्हे.

तिसरा, आणि संशोधनाच्या दृष्टीने पहिला, प्रश्न भाषेचा आहे. या भागात जुन्या रहिवाशांच्या घरी वाडवळी किंवा सामवेदी बोली असते, नव्या इमारतींत मालवणी, हिंदी, गुजराती व भोजपुरी ऐकू येते, आणि निदान झाल्यावर ‘मुलाशी एकाच भाषेत बोला’ असा सल्ला कित्येक घरांना मिळतो. मग आजी आपली बोली सोडून अडखळत प्रमाण मराठी अगर इंग्रजी बोलू लागते. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाच्या भाषाविकासास अपाय होतो असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. ज्या उपचाराचा सारा भर सहज, तत्काळ प्रतिसादावर आहे, त्यात प्रौढाची जीभच अडखळू लागली तर मूळ तत्त्वच बिघडते. एखाद्या विद्यापीठ विभागास येथे काम करावयाचे असेल, तर मोठ्या चाचणीपूर्वी एक लहान काम हाती घेण्याजोगे आहे: कुटुंबांच्या संमतीने घरातील खेळाच्या दहा-दहा मिनिटांच्या फिती घ्याव्यात, काही वाडवळीतील, काही सामवेदीतील, काही प्रमाण मराठीतील, आणि त्याच फिती परस्परांशी न बोलता पाहणाऱ्या दोन मापकांचे, कोणती कृती सुसंवादी व कोणती नव्हे, यावर प्रत्येक बोलीत किती एकमत होते ते मोजावे.